एप्रिलची ओळ

९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आजोबांना वाचायला दिलं. आजोबा म्हणजे माझ्या खोलीतला म्हातारा. वय पन्नासच, पण डोकं पांढरंफेक, म्हणून सगळे आजोबा म्हणतात आणि तोही ओ देतो. त्याचं म्हणणं, बहिणीने लिहिलंय ते कर, उगाच डोकं चालवू नकोस, तुला ते जमत नाही.

तू म्हणतेस, यापुढे पैसे ट्रकवाल्या काकांच्या हाती देऊ नकोस, बँकेतून पाठव. अगं, काका इतकी वर्षं आपल्याकडच्या सगळ्या पोरांचे पैसे घरोघर पोचवतायत. शंभरातले पाच घेतात, कधी महिना उशीर करतात, पण आले की टपरीवर बसून चहा पाजतात, आई कशी आहे ते सांगतात. बँक चहा पाजते का?

तरी तुझा शब्द म्हणून गेलो. दाराशी बंदूकवाला, आत काचेमागे एक मुलगी. तिने एक चिठ्ठी भरायला दिली. पहिली खाडाखोडीत गेली, दुसरीवर आकडा चुकला, तिसरी तिने माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः भरली. म्हणाली, सही करा. केली. म्हणाली, वरची सही आणि खालची सही सारखी नाही. म्हटलं, बाई, हात तोच आहे. म्हणाली, हात बँकेला दिसत नाही. पाचवीत शाळा सोडली ती याच प्रकारांना कंटाळून, हे तिला सांगायचं होतं. पण मागे रांग होती.

तर पैसे गेलेत. आता खरं कारण सांग. फोनवर विचारलं असतं, पण किराणावाल्याच्या दुकानातून तू बोललीस की साखर घ्यायला आलेल्यांनाही कळतं. तू नुसतीच बँक बँक करणारी नाहीस. तुझ्या पोटात काहीतरी आहे.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावते का?

भिंगरी

---

२४ जानेवारी

भिंगरी,

पैसे पोचले. चौथ्या दिवशी! काकांना दीड महिना लागायचा. काका परवा दारावरून गेले, पण हाक मारली नाही. रुसलेत.

पोटात काय आहे ते ऐक. किराणावाल्याच्या शेजारची खोली आठवते? जिथे पूर्वी सायकली भाड्याने मिळायच्या? तिथे आता बँक आहे. एक टेबल, एक तिजोरी, एक शिपाई आणि चष्मेवाले साहेब. एवढ्याशा वस्तीत बँक कशी उघडली, म्हणून मी साहेबांनाच विचारलं. म्हणाले, "तुमच्याकडे तीन घरांत एकाचा माणूस बाहेर आहे. तो पैसा काकांच्या सीटखालून येतो आणि घरातल्या डब्यात जातो. तो आमच्या दारावरून यावा म्हणून आम्ही इथे." सरळ माणूस आहे.

आता माझं. शेठ दुकान बंद करतायत. वर्षाअखेरीस मुलाकडे कायमचे राहायला जाणार. त्यांच्याकडे मी नऊ वर्षं पंपांच्या मोटारी भरतेय. आपल्या बाबांच्या मांडीला मांडी लावून शिकले, आणि ते गेल्यावर शेठनी मला त्यांच्या जागेवर बसवलं, पण मजुरी नगावर. जळालेली मोटार येते, जुनी तार उपसायची, खाचा साफ करायच्या, नवीन तारेची वेटोळी घालायची, व्हार्निश, मग भट्टी. काम माझं, पाटी शेठची. शेठ म्हणाले, "वेटोळी घालायचं मशीन, भट्टी, उरलेली तार, सगळं तूच घे. डिसेंबरपर्यंत थांबतो. नाहीतर शहरातला दलाल घेईल." दलालाने घेतलं तर मशीन भंगाराच्या भावात उचलून नेईल आणि मी घरी बसेन. दुसरं काही मला येत नाही.

साहेबांकडे कर्ज मागितलं. म्हणाले, तारण काय? घर मामाच्या नावावर. दागिना एकच, तो आईच्या औषधाला गेला. मग तेच म्हणाले, "भाऊ दर महिन्याला पैसे पाठवतो? बारा महिने न चुकता, दहा तारखेच्या आत खात्यात आले, तर तेच तारण धरून वर लिहीन. जानेवारी ते डिसेंबर."

आता कळलं ना? तीन वर्षांत सात नोकऱ्या केलेल्या भावाच्या भरवशावर मी कर्ज मागितलंय. मला वेड लागलंय असं आई म्हणते. तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे एक मागते. एक वर्ष जागचा हलू नकोस.

ताई

---

८ फेब्रुवारी

ताई,

सात नाही, सहा. रोपवाटिकेतली धरायची नाही, तिथून मला काढलं होतं.

दिला शब्द. एक वर्ष. आजोबांना सांगितलं तर इतके हसले की ठसका लागला.

तुला कळावं म्हणून लिहितो की शब्द कसला आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी इथे धुवायला येतात. ओली चादर तापलेल्या रुळाखाली जाते, पलीकडून कडक होऊन बाहेर पडते, आणि पलीकडे आम्ही दोघे उभे. दोन कोपरे माझे, दोन आजोबांचे. ते चालत माझ्याकडे येतात, मी कोपरे घेतो, घडी. पुन्हा ते मागे. दिवसाला अकराशे चादरी. म्हणजे आजोबा दिवसाला अकराशे वेळा माझ्याकडे येतात आणि अकराशे वेळा परत जातात. घरची बायको एवढी येत-जात नसेल म्हणतात. मी मात्र एकाच फरशीवर. फरशीला चीर आहे, तिचा नकाशा मी डोळे मिटून काढू शकतो.

आपला बोका (तोच, ज्याचे डोळे घारे) गाळ काढायच्या बोटीवर लागलाय. बंदराच्या तळाचा गाळ उपसायचा, काम संपलं की पुढचं बंदर. पगार इथल्या दीडपट, फक्त तीन महिन्यांचा एकदम मिळतो. मला बोलावत होता. नाही म्हणून कळवलं. तुझ्या साहेबांना तीन महिन्यांचा एकदम चालणार नाही ना? विचारू नकोस, सहज लिहिलं.

फेब्रुवारीचे पाच तारखेलाच पाठवलेत. काचेमागच्या मुलीने आता मला बघून सुस्कारा टाकला नाही.

भिंगरी

---

२० मार्च

भिंगरी,

मार्चचे पैसे दुप्पट आले! मी साहेबांना म्हटलं, दुसऱ्या कुणाचे चुकून आले असतील, परत घ्या. ते म्हणाले, नाव तुमच्याच भावाचं आहे. जादा पाळ्या केल्यास का? जेवतोस ना वेळेवर? दर शनिवारी बँकेत विचारायला जाते, पण या वेळी शिपाईच दारापर्यंत आला सांगायला.

बँकेत एक गंमत असते. गवंडीणबाई, जिचे दोन मुलगे बाहेर आहेत, पैसे आले की येते, सगळेच्या सगळे काढते, बाकावर बसून मोजते, आणि तिथल्या तिथे पुन्हा भरते. साहेब कपाळाला हात लावतात. ती म्हणते, "आहेत का ते बघायला नको? तुमच्या वहीवर काय विश्वास!" दर महिन्याला हा कार्यक्रम. साहेब मला म्हणाले, "बाकीच्यांपेक्षा या बऱ्या. बाकीचे काढतात ते भरतच नाहीत. आलेला पैसा दुसऱ्या दिवशी रिकामा. थोडा इथे राहिला, तर तो मला इथेच कुणाला तरी देता येईल. नाहीतर मी नुसता पोस्टमन."

एप्रिलचेही दहाच्या आत पाठव. दुप्पट नकोत, नेहमीचेच पाठव. फक्त चुकवू नकोस.

ताई

---

१२ एप्रिल

ताई,

तुझं वीस मार्चचं पत्र आज वाचलं. ताप आला होता, दोन आठवडे पडून होतो, पत्र उशाखाली राहिलं. आता बरा आहे, आईला सांगू नकोस.

तू लिहितेस एप्रिलचे पाठव. अगं, मार्चात दुप्पट पाठवले ते एप्रिलचेच! हॉटेलांची गर्दी होती, पाळ्या मिळाल्या, हातात होते. म्हटलं, आधीच दिलेले काय वाईट? उशिरा देणाऱ्याला बोलतात, आधी देणाऱ्याला कोण बोलतं? एप्रिल आलाय असं धर. साहेबांना सांग, हा मनुष्य वेळेच्या पुढे चालतो.

भिंगरी

---

२५ एप्रिल

भिंगरी,

साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझं पासबुक उघडून माझ्यापुढे ठेवलं. "जानेवारी, आले. फेब्रुवारी, आले. मार्च, आले. एप्रिल, माझ्या समोर काय आहे?" मी म्हटलं, मार्चात दोन महिन्यांचे आहेत ना. म्हणाले, "बाई, वर बसलेला माणूस तुमच्या भावाला ओळखत नाही. तो बघतो, हप्ता दर महिन्याला भरला जाईल का. एका महिन्यात कुणाकडेही पैसे येतात. बारा महिने येणं वेगळं. भावाची एप्रिलची ओळ कोरी म्हणजे मोजणी पुन्हा मे महिन्यापासून."

मे ते पुढचा एप्रिल. शेठ डिसेंबरात जाणार. मी शेठकडे गेले, चार महिने थांबा म्हणून. म्हणाले, पोरी, तिकीट काढलंय.

आणि ताप? काल काका आले होते. मुद्दाम आले. ओसरीवर बसून आईला म्हणाले, "तुमचा धाकटा भेटला की बंदरावर. बोटीच्या कठड्यावर बसून पाय हलवत होता. गुटगुटीत दिसतो." बँकेपायी काकांचे पाच टक्के गेले, त्याचा सूड घेतला त्यांनी. पण खोटं नाही बोलले. बोलले का?

माझ्या तोंडून 'त्याला तर ताप होता' असं निसटायला लागलं, तशी आईने विचारलं, ताप कुणाला आला होता. मी म्हटलं, मला.

ताई

---

६ मे

ताई,

काका खोटं बोलले नाहीत. मीच बोललो.

बोटीवरचा एक माणूस पायाला लागून अंथरुणावर पडला. बोक्याने निरोप धाडला, बारा दिवस ये, माणूस बरा झाला की जा. मार्चात दुप्पट पाठवलं होतं, म्हटलं एप्रिलची काळजी नाही, महिना मोकळा आहे. मोकळा! तेवढा एकच शब्द डोक्यात वाजत होता. सुट्टी मागितली, मिळाली नाही, तसाच गेलो. ताई, खोटं सांगून उपयोग नाही. ते बारा दिवस फार छान गेले. सकाळी डोळे उघडले की किनारा कालच्या जागी नसायचा. त्याचे पैसे जूनमध्ये बाकीच्यांबरोबर मिळतील.

परत आलो तर मुकादमाने रुळावरून काढून मळक्या चादरी निवडायला बसवलं, आणि पगार कापला. दवाखान्याच्या चादरी. पुढचं लिहीत नाही, तू जेवताना वाचशील.

मला वाटलं पैसा म्हणजे पैसा. पाणी भरल्यासारखं. आज दोन हंडे भरले, उद्या नको. बँकेला हंडे नकोत, रोजची फेरी हवी, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं होतंस तू. पत्र उशाखाली होतं.

मे महिन्याचे आज पाठवले. सोबत साहेबांना पत्र आहे. आजोबा म्हणाले नको पाठवू. तरी पाठवतोय. त्यांना दे.

तापाबद्दल आईला मीच कळवतो.

भिंगरी

---

६ मे

बँकेच्या साहेबांना,

मी मोटारी भरणाऱ्या बाईंचा धाकटा भाऊ. एप्रिल कोरा राहिला तो माझ्यामुळे, तिच्यामुळे नाही. चूक माझी आणि शिक्षा तिला, हे काही बरोबर दिसत नाही. आमच्या मुकादमाने माझा पगार कापला, तिचा नाही कापला.

तुम्ही म्हणता वर बसलेला माणूस मला ओळखत नाही. मग मीच सांगतो. मी टिकणारा माणूस नाही. पण ती आहे. नऊ वर्षं एका स्टुलावर बसून तिने वेटोळी घातलीत. तिने भरलेली मोटार परत आलेली मी पाहिली नाही. तुम्ही टिकणाऱ्या माणसाचं मोजमाप न टिकणाऱ्या माणसाच्या पट्टीने करताय, असं मला वाटतं. चुकत असेन तर माफ करा, मी पाचवी नापास आहे.

काही करता येत असेल तर करा. सही खाली आहे. वरच्या सहीसारखी नसेल, कारण वर सही केलेली नाही.

तिचा भाऊ

---

२१ मे

महोदय,

आपले दि. ६ मे चे पत्र मिळाले. एखाद्या महिन्यात रक्कम जमा न झाल्यास तो महिना नियमानुसार खंडित धरला जातो. त्यात बदल करण्याचा अधिकार या शाखेस नाही.

तथापि आपल्या भगिनींच्या अर्जाचा विचार वर्षअखेरीस त्यांच्या खात्यावरील सर्व नोंदी पाहून करण्यात येईल. त्यांनी अर्ज मागे घेऊ नये, असे त्यांना कळविले आहे.

आपले पत्र अर्जासोबत जोडून ठेवले आहे. शाखेस आलेले हे पहिलेच पत्र असल्यामुळे कोणत्या फाइलीत लावावे असा प्रश्न पडला होता.

आपला,
शाखाधिकारी

---

३० ऑगस्ट

भिंगरी,

चार महिने लिहिलं नाही. राग होता. नंतर राग गेला, पण पावसाळ्यात जळालेल्या मोटारी इतक्या आल्या की हाताला पेन लागलं नाही. बोटांना तारेच्या चिरा पडल्यात, अक्षर त्यामुळे असं.

मे, जून, जुलै, ऑगस्ट. चारही वेळेवर. जूनमधले बोटीचे वेगळे आले तेही मिळाले. साहेब पासबुकात नोंद करताना मान हलवतात. साहेबांनी "टिकणारा माणूस" हा शब्द धरलाय. शिपाई उशिरा आला की त्याला म्हणतात, "टिकणारा माणूस आहेस की नाही?"

बँकेत आता दुसरं टेबल आलंय, त्यावर नवीन कारकून. त्यामागे माझा थोडा हात आहे, हसू नकोस. ज्यांची माणसं बाहेर आहेत त्या बायका काउंटरला घाबरायच्या. मी मोटारी भरता भरता त्यांना सांगत असते, या माझ्याबरोबर. अकरा जणींची खाती उघडली. गवंडीणबाई त्यांना सांगते, "काढून मोजून बघा, मग ठेवा." तिचं ऐकून सगळ्याच काढून मोजतात. शनिवारी बाकावर ही गर्दी! कारकून रडकुंडीला येतो. पण पैसे पुन्हा आतच जातात. त्यातूनच साहेबांनी दूधवाल्याला कर्ज दिलं, त्याने दूध थंड ठेवायची टाकी घेतली. तिची मोटार बिघडली तर माझ्याकडेच येईल.

शहरातला दलाल येऊन गेला. मशीनवर हात ठेवून उभा राहिला, लग्नाची मुलगी बघायला आल्यासारखा. दात बघायचे तेवढे राहिले. शेठनी त्याला भाव सांगितला. मी भट्टीचं दार उघडून उगाच आत बघत राहिले. मशीनवरचा वेटोळ्यांच्या फेऱ्या मोजणारा काटा मीच बसवलाय, सहा वर्षांपूर्वी. तो त्याला दाखवला नाही.

ताई

---

१४ सप्टेंबर

ताई,

पत्र आलं, बरं वाटलं. "महोदय"वाला कागद मी खोलीत सगळ्यांना दाखवला. मला आजवर कुणी महोदय म्हटलेलं नाही.

मुकादमाने पुन्हा रुळावर घेतलं. कारण साधं, आजोबांबरोबर दुसऱ्या कुणाची लय जमेना. चादरी तिरक्या पडायला लागल्या. आता नवीन येणाऱ्यांना मीच शिकवतो. मी! वरचं टोक पकडायचं नसतं, शिवण पकडायची असते, तेवढंच शिकवायचं, पण ते सांगताना माझा आवाज बाबांसारखा निघतो.

बोका पुन्हा बोलावतोय. जानेवारीपासून पक्की जागा आहे. नाही म्हटलं. पुढच्या एप्रिलपर्यंत इथेच, मोजणी पुरी होईपर्यंत. दलालाने मशीन नेलं तरी दुसरं कुठलं तरी जुनं मशीन कुठेतरी असेलच. कर्ज तर मिळेल. तू हात टेकू नकोस.

ऑक्टोबरचे तीन तारखेलाच पाठवेन. पण एकाच महिन्याचे.

भिंगरी

---

५ डिसेंबर

भिंगरी,

बसून वाच.

परवा मोठ्या शाखेतून एक बाई तपासायला आल्या. केस बारीक कापलेले, आवाज तोफेसारखा. साहेबांनी मला बोलावलं. बाईंनी माझं पासबुक घेतलं आणि बोट लावून वाचायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, आता एप्रिल येईल. आला. बोट थांबलं. म्हणाल्या, "एप्रिलमध्ये बाहेरून काही नाही. पण हे काय? चार तारखेला भरलेत, अकराला भरलेत, अठराला, पंचविसाला. थोडे थोडे. हे कोण भरतंय?"

म्हटलं, मीच.

"का?"

आता काय सांगायचं? तुला लिहितानाही लाज वाटते. शनिवारी तुझे पैसे आले का विचारायला जायचे ना, तर नुसतं "आले का?" विचारून रिकाम्या हाताने परत फिरणं जमायचं नाही मला. बाबा म्हणायचे, दुकानाची पायरी चढलीस तर काहीतरी घे. म्हणून आठवड्याच्या मजुरीतले थोडे भरायचे, आणि पावती घेता घेता सहज विचारल्यासारखं विचारायचे. तुझे आलेले असले तरी सवयीने जायचेच, आणि एप्रिलमध्ये तर तुझे आलेच नाहीत, त्यामुळे चारही शनिवार गेले.

बाईंनी सगळं पासबुक पुन्हा पहिल्यापासून बघितलं. जानेवारीपासून एकही शनिवार सुटलेला नाही. पावसात मोटारी जास्त म्हणून जास्त, उन्हाळ्यात कमी, पण आहे. साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही वर्षभर भावाचे महिने मोजत बसलात. या बाईंचे आठवडे कुणी मोजले?" साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग फाइलीतून तुझं पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाले, "हे भावानेच लिहिलं होतं. मी वाचलं, पण नीट वाचलं नाही." बाईंनी वाचलं आणि मोठ्याने हसल्या. पाचवी नापासवर हसल्या की पट्टीवर, ते कळलं नाही.

कर्ज मंजूर झालं. माझ्या स्वतःच्या मजुरीवर. तुझे पैसे जोडीला धरलेत, पण तारण म्हणून नाही. मागितले त्याच्या दोन-तृतीयांश मिळाले. मशीन, भट्टी आणि तार येते त्यात. जागेचं भाडं मी दरमहा द्यायचं, घरमालक तयार आहे. दलालाला शेठनी निरोप पाठवला, मुलीचं दुसरीकडे जमलं.

बँकेतून घरी येईपर्यंत मी रडले नाही. घरी आल्यावर आईच इतकी रडली की मला संधीच मिळाली नाही.

आणि आता तुला. साहेबांनी विचारलं, भावाला पुढचा एप्रिल पुरा करायला सांगायचं का? मी म्हटलं, नको. तू एक वर्ष म्हणाला होतास, ते झालं. चादरी खूप झाल्या. बोक्याला हो म्हण.

ताई

---

१७ डिसेंबर

ताई,

बसून वाच म्हणालीस, पण मी रुळाशी उभ्यानेच वाचलं. आजोबा कोपरे धरून थांबले, मागे चादरी साचल्या, मुकादम ओरडला. मी वाचतच राहिलो.

खरं सांगू? आधी राग आला. म्हटलं, मग मी वर्षभर ही फरशी का झिजवली? दर महिन्याला काचेपुढे उभा राहून सही सारखी यावी म्हणून जीभ बाहेर काढून लिहिलं, ते कशासाठी? तिला माझी गरजच नव्हती. आजोबांना तसं म्हटलं. आजोबा म्हणाले, "गाढवा, तुझे पैसे आले का विचारायला जायची म्हणून तर ती तिथे जायची ना?" मग मी चादरीचे कोपरे सोडले आणि हसत सुटलो. चादर जमिनीवर पडली, पुन्हा धुवायला गेली. एका चादरीचे पैसे कापतील. कापू देत. बहिणीचं दुकान आहे.

मुकादमाकडे गेलो, म्हटलं निघतो. पगार वाढवतो म्हणाला. पहिल्यांदाच कुणी मला राहा म्हणालं. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. मग खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हटलं, नाही, जातोच. दोन आठवडे थांबून माझ्या जागेवर माणूस तयार करून दे म्हणाला, तेवढं कबूल केलं. आलेत दोघे भाऊ, नवेकोरे. चादर दोन्हीकडून अशी ओढतात की रस्सीखेच वाटावी. शिवण धरा रे, म्हणून घसा बसलाय.

शनिवारी त्यांना बँकेत नेलं. घरी पैसे कसे पाठवायचे ते त्यांना माहीत नव्हतं, धाकटा म्हणत होता, साचले की एकदम पाठवू. काचेमागच्या मुलीने दोन चिठ्ठ्या माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाली, "तुम्हीच भरा यांच्या, तुम्हाला येतं." ताई, एकही खाडाखोड नाही. धाकट्याला म्हटलं, थोडे का होईना, पण या महिन्यात पाठव, पुढच्या महिन्यात पुन्हा पाठव. म्हणाला, का? म्हटलं, मला काय माहीत, माझ्या बहिणीला विचार.

बोटीवर पगार तीन महिन्यांनी एकदम मिळतो, त्यामुळे माझे आता एप्रिलच्या सुमारास येतील. कदाचित मे. ते दुकानात घालू नकोस, आईच्या गुडघ्याला चांगला डॉक्टर बघ. आणि काकांना एक चहा पाज. बंदरावरचं ते बोलले म्हणून मला खरं लिहावं लागलं.

गुरुवारी निघतो. बोटीला पत्ता नसतो. तेव्हा पत्र लिहू नकोस, मोटारी भर.

भिंगरी